बातमी खरी की खोटी? आधी ती कुठून निघाली ते बघा

पुराच्या पाण्यात बुडालेला रस्ता, आणि गाडीच्या बाजूने पोहत चाललेला एक भलामोठा शार्क. हा फोटो तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळ आलं तेव्हा तो पोर्तो रिकोतल्या रस्त्यावरचा म्हणून फिरला. पुढे जिथे मोठा पूर, तिथे हा शार्क. २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टन शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा तो तिथेही हजर होता. शहराचं नाव दर वेळी नवं, मासा तोच.

मासा मात्र खरा आहे. थॉमस पेशाक या छायाचित्रकाराने २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात त्याचा फोटो काढला होता. मूळ फोटोत पुढे एक चिंचोळी पिवळी होडी आहे, होडीतला माणूस मागे वळून पाहतोय आणि त्याच्या मागोमाग पाण्याखालून शार्क येतोय. कोणीतरी त्यातला शार्क तेवढा कापून घेतला आणि पुराच्या पाण्यात नेऊन चिकटवला.

हे उघडकीला आल्यावर कितीतरी लोकांनी एक खूणगाठ बांधली: पुरात शार्क दिसला की समजायचं, बातमी खोटी. ही खूणगाठ अकरा वर्षं टिकली. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं आणि फोर्ट मायर्समधला एक व्हिडिओ पसरला. घरांमागच्या मोकळ्या जागेत पाणी साचलंय आणि त्यात पाठीवर टोकदार पर असलेला एक काळसर मासा जोरजोरात अंग फेकतोय. ‘आला पुन्हा तो जुना शार्क’ म्हणून बऱ्याच जणांनी तो बाजूला सारला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मात्र त्याचा माग काढला. व्हिडिओ कोणी घेतला तो माणूस शोधला, त्याच्याकडून मूळ फाइल मागवली, तिच्यात नोंदलेली वेळ वादळाच्या दिवसाशी जुळते का ते पाहिलं. सगळं जुळलं. तो मासा शार्कच होता का, यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. एकाला ते शार्कचं पिल्लू वाटलं, दुसऱ्याने इतक्यावरून सांगणं कठीण आहे म्हटलं. पण व्हिडिओ खरा होता, त्या दिवसाचा होता आणि त्याच जागेचा होता.

या दोन शार्कांमधला फरक नुसतं बघून ओळखता येत नाही. दोन्ही तितकेच अविश्वसनीय दिसतात. एकाच्या मागे माणूस, जागा आणि वेळ सापडते, दुसऱ्याच्या मागे जाऊ लागलं की वाट भलत्याच समुद्रात निघते. मला या लेखात सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

विचित्र बातमी समोर आली की आपण मनातल्या मनात विचारतो, ‘असं कधी होऊ शकतं का?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. काय होऊ शकतं याची आपली कल्पना आपल्या अनुभवापुरतीच असते, आणि जग त्याहून फार मोठं आहे. त्यापेक्षा असं विचारावं: ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचली कशी? पहिल्यांदा कोणी पाहिली, कोणी सांगितली, मधे कोणाकोणाच्या हातून गेली?

हे मी माझ्या काकांकडून शिकले. काही वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने म्हणे पक्ष्यांशी युद्ध पुकारलं आणि त्या युद्धात सैन्य हरलं. मी वाचलं आणि दुसऱ्याच मिनिटाला सगळ्यांसमोर लिहिलं, ‘काका, असलं काहीही पाठवत जाऊ नका हो.’ काकांनी उत्तर दिलं नाही. पुढे बरेच दिवस त्यांनी ग्रुपवर काही टाकलंच नाही. मला ते लागून राहिलं. एका रात्री शोधायला बसले, आणि गोष्ट खरी निघाली.

नोव्हेंबर १९३२. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅम्पियन परिसर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने तिथे शेतीसाठी जमिनी दिल्या होत्या. त्यांच्या गव्हात सुमारे २० हजार एमू घुसले. एमू म्हणजे शहामृगासारखा, उडता न येणारा, पण वाऱ्यासारखा पळणारा पक्षी. शेतकऱ्यांनी थेट संरक्षणमंत्र्यांकडे धाव घेतली, आणि मेजर मेरेडिथ यांच्या हाताखाली सैनिक, दोन लुईस मशीनगन आणि १० हजार गोळ्या खरोखरच रवाना झाल्या. एमू काही एका जागी उभे राहिले नाहीत. पहिला बार झाला की ते छोट्या छोट्या टोळ्यांत फुटायचे. मशीनगन ट्रकवर चढवून पाठलाग करून पाहिला, तर त्या धक्क्यांत नेम धरता येईना. महिनाभराच्या धडपडीनंतर मेजरच्या हिशेबात ९८६ पक्षी जमा झाले होते. पुढे सरकारने सैन्याऐवजी शेतकऱ्यांनाच मारलेल्या पक्ष्यामागे बक्षीस द्यायची आधीपासूनची पद्धत चालू ठेवली, तेव्हा १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७ हजारांवर बक्षिसं वाटली गेली.

म्हणजे गाभा खरा. ‘युद्ध पुकारलं’ हे मात्र कोणत्याही सरकारी कागदाचं नव्हे, वर्तमानपत्रांचं बोलणं होतं, आणि ‘सैन्य हरलं’ हा नंतरच्या सांगणाऱ्यांनी केलेला पराचा कावळा. दुसऱ्या दिवशी मी त्याच ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत काकांची माफी मागितली. न बघता खरं मानणं आणि न बघता खोटं ठरवणं यांत तसा फरक नाही, बघायचे कष्ट दोन्हीकडे टाळलेलेच असतात. आपण हुशार आहोत असं वाटणाऱ्यांकडून दुसरी चूक जास्त होते, आणि तिच्यामुळे माणसं दुखावतात.

विचित्र गोष्टी इतक्या घडतात तरी कशा?

याचं उत्तर गणितात आहे आणि ते अवघड नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. एखादी गोष्ट एका दिवसात दहा लाखांतल्या एकाच माणसाच्या बाबतीत घडत असेल, तरी ती रोज ८ हजार माणसांच्या बाबतीत घडणार. पूर्वी त्या आठ हजार गोष्टी गल्लीपुरत्या राहायच्या. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि त्या सगळ्या एकाच पडद्यावर येतात.

न्यू जर्सीमध्ये १९८० च्या दशकात एका बाईंना चार महिन्यांत दोनदा मोठी लॉटरी लागली. असं होण्याची शक्यता १७ लाख कोटींत एक आहे, असं तेव्हा छापून आलं. आकडा चुकीचा नव्हता, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर होता. याच बाईंना, याच दोन तिकिटांवर बक्षीस लागण्याची ती शक्यता होती. संख्याशास्त्रज्ञांनी दुसरा प्रश्न विचारला: अमेरिकेत कोट्यवधी लोक तिकिटं घेतात, त्यांच्यातल्या कोणाला तरी, कुठेतरी, कुठल्याही एका चार महिन्यांच्या काळात दोनदा बक्षीस लागण्याची शक्यता किती? उत्तर आलं, तिसात एक. घटना तीच, पण बातमीत आपल्याला नेहमी पहिलाच आकडा सांगितला जातो. एवढं लक्षात ठेवलं तर कितीतरी ‘योगायोग’ साधे वाटू लागतात.

खरं इतकं विचित्र असताना खोट्याला वाव मिळतो कुठे? तर वेगात. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अराल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार गोष्टी त्यांनी तपासल्या. सत्यशोधन करणाऱ्या संस्थांनी त्या प्रत्येकीवर खरी किंवा खोटी असा निवाडा आधीच दिलेला होता. खोटी गोष्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. खऱ्या गोष्टीला १,५०० लोकांपर्यंत पोचायला खोट्याच्या सहापट वेळ लागत होता. यंत्रांनी चालवलेली खाती वगळून पाहिलं तरी चित्र बदललं नाही. पसरवत होती तुमच्याआमच्यासारखी माणसंच, आणि त्यातली बहुतेक कोणाचं वाईट चिंतणारी नसावीत. खोट्या गोष्टीत नावीन्य जास्त होतं आणि तिच्याखालच्या उत्तरांत आश्चर्य आणि किळस जास्त उमटत होती. खरी घटना जशी घडली तशीच सांगावी लागते. रचणाऱ्याला असं कुठलंच बंधन नसतं, ऐकणाऱ्याला धक्का बसेपर्यंत तो ती हवी तशी घडवू शकतो.

आणि एकदा ऐकून थांबत नाही, आपण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकतो. मेंदूची एक सवय १९७७ पासून प्रयोगांत दिसत आली आहे. पूर्वी कानावरून गेलेलं वाक्य दुसऱ्यांदा वाचताना सोपं जातं, आणि त्या सोपेपणालाच आपण खरेपणा समजतो. माहितगार माणूस यातून सुटत असेल असं मला वाटायचं. २०१५ मध्ये लिसा फाझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांच्या वाक्यांपैकी एक असं होतं: स्कॉटलंडचे लोक घालतात त्या आखूड चुणीदार वस्त्राला साडी म्हणतात. आपल्याला हे वाचताक्षणी खटकतं. पण तिथे उत्तर माहीत असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांनाही अशी वाक्यं दुसऱ्यांदा वाचल्यावर थोडी जास्त खरी वाटू लागली. साडीच्या बाबतीत आपण फसणार नाही, हे ठीक. पण औषधं, कायदे, दूरचे देश, यांविषयी आपल्यातल्या किती जणांना साडीइतकी पक्की माहिती असते?

एकच आवाज, दहा तोंडं

‘दहा ठिकाणी वाचलं, म्हणजे खरं असणार.’ हे मी अनेकांकडून ऐकते, आणि यातला धोका समजावून सांगायला मला एक उदाहरण फार उपयोगी पडतं.

दक्षिण आणि मध्य अमेरिकेत कोआटी नावाचा प्राणी असतो. लांब नाक, शेपटीवर पट्टे, रॅकूनच्या कुळातला. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने ब्राझीलच्या सहलीत हा प्राणी पाहिला आणि त्याला तो आर्डवार्क वाटला. आर्डवार्क हा आफ्रिकेत राहणारा, वाळवी खाणारा वेगळाच प्राणी, कोआटीशी त्याचं काही नातं नाही. घरी आल्यावर गंमत म्हणून त्या मुलाने विकिपीडियावरच्या कोआटीच्या पानात थोडे शब्द घातले: याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात. आधार काहीच नव्हता. कोणी काढून टाकेल असं त्याला वाटलं, पण कोणी काढलं नाही.

पुढची काही वर्षं त्या शब्दांनी केलेला प्रवास पाहा. कुठल्याशा बातमीत कोआटीचा उल्लेख आला, पत्रकाराने प्राण्याची माहिती शोधली, पहिलं पान विकिपीडियाचं आलं, आणि बातमीत ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ छापलं गेलं. मग नामांकित ब्रिटिश वर्तमानपत्रांत. मग एका विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढलेल्या पुस्तकात. मधे विकिपीडियावर कोणीतरी त्या शब्दांना आधार मागितला, तर आता आधार तयार होता, वर्तमानपत्रातली बातमी! विकिपीडिया बातमीकडे बोट दाखवत होता आणि बातमी विकिपीडियातून आलेली होती. त्या मुलाने २०१४ मध्ये सगळी हकीकत एका मासिकातून समोर येऊ दिली, तोवर नाव रुळून गेलं होतं.

इथे कोणी लबाडी केली नाही. प्रत्येकाने आपल्या आधीच्यावर विसंबून पुढे लिहिलं. दहा साक्षीदार आहेत असं वाटत होतं, आणि ते दहाही जण एकाच माणसाचं ऐकून बोलत होते. म्हणून बातमी किती ठिकाणी आली हे मोजण्यापेक्षा त्यातली किती ठिकाणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत ते बघावं. दहा वेबसाइटींवर तेच वाक्य, तीच उपमा, तीच चूक दिसली तर समजा की उगम एकच आहे.

ध चा मा व्हायला तरी एक बदलणारा हात लागतो. इथे कोणी काही बदललंही नव्हतं, प्रत्येकाने इमानाने नक्कल तेवढी केली.

‘संशोधनात सिद्ध झालं आहे’

विचित्र बातम्यांना वजन देणारे हे चार शब्द. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने काही जर्मन पत्रकारांच्या साथीने मुद्दाम एक कमकुवत प्रयोग केला. चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं, असा निष्कर्ष काढला आणि तो पैसे घेऊन छापणाऱ्या एका शोधपत्रिकेत प्रसिद्धही झाला. जिच्या नावावर हे संशोधन दाखवलं ती संस्था म्हणजे निव्वळ एक वेबसाइट होती. युरोपात सर्वाधिक खपणाऱ्या ‘बिल्ड’ या वर्तमानपत्रासह अनेकांनी बातमी उचलली.

यातली चलाखी कळली की पुढे कुठल्याही संशोधनाच्या बातमीकडे बघायची नजर बदलते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. प्रयोगात शेवटपर्यंत फक्त १५ माणसं होती, आणि त्यांच्यावर १८ वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या: वजन, कोलेस्टेरॉल, झोप, मनाचं स्वास्थ्य वगैरे. आता अशी कल्पना करा की वीस घरांचं एक चक्र आहे आणि त्यात एकाच घरावर ‘चमत्कार’ लिहिलंय. चक्र एकदा फिरवलं तर चमत्कार यायची शक्यता वीसात एक, म्हणजे ५ टक्के. विज्ञानात ‘हे निव्वळ नशिबाने आलेलं नाही’ असं म्हणायला साधारण हीच मर्यादा पाळतात. पण चक्र १८ वेळा फिरवलं तर? तेव्हा एकदा तरी चमत्काराचं घर लागण्याची शक्यता ६० टक्क्यांवर जाते. बोहॅनन यांच्या प्रयोगात ते घर वजनावर लागलं. झोपेवर लागलं असतं तर मथळा झोपेचा झाला असता. आकडे खरे होते, माणसं खरी होती, अर्थ तेवढा पोकळ होता.

म्हणून संशोधनाची बातमी आली की मी दोन गोष्टी आधी शोधते. किती माणसांवर प्रयोग झाला? आणि त्या विषयातल्या, या प्रयोगाशी संबंध नसलेल्या कोणा जाणकाराचं मत बातमीत आहे का? पुष्कळदा दोन्ही नसतात, आणि मग ती बातमी पुढे पाठवायचं मला काही कारण उरत नाही.

पानावरून उठा

एखाद्या वेबसाइटवर विश्वास ठेवावा का हे ठरवायला आपण काय करतो? तीच वेबसाइट नीट वाचतो. मांडणी बघतो, ‘आमच्याविषयी’ उघडतो, खाली संदर्भ आहेत का पाहतो. अभ्यासू माणसाची हीच रीत, आणि नेटवर तीच आपल्याला गोत्यात आणते.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी १० इतिहासकार, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी आणि व्यवसायाने सत्यशोधन करणारे १० जण यांना संगणकासमोर बसवलं. शाळेतल्या दादागिरीविषयी दोन वेबसाइटींवरचे लेख दिले आणि विचारलं, यातली भरवशाची कुठली? एक होती अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची. बालरोगतज्ज्ञांची ही संघटना १९३० पासूनची, सदस्य ६० हजारांहून अधिक. दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्सची, म्हणजे समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या प्रश्नावरून २००२ मध्ये फुटून निघालेल्या एका छोट्या गटाची. नावं जवळजवळ सारखी, पानं दोन्हीकडे नीटनेटकी. अर्ध्याहून अधिक विद्यार्थी दुसरीवर गेले. आयुष्यभर कागदपत्रं तपासण्यात घालवलेल्या इतिहासकारांतल्याही निम्म्यांनाच पहिलीचं नाव ठामपणे घेता आलं. सत्यशोधन करणाऱ्या दहाच्या दहा जणांनी मात्र बरोबर उत्तर दिलं.

त्यांनी वेगळं काय केलं? ते पानावर थांबलेच नाहीत. क्षणभर नजर टाकली, नवीन टॅब उघडला, संस्थेचं नाव शोधलं आणि इतर लोक तिच्याविषयी काय म्हणतात ते वाचून मग मूळ पानावर परतले. आपण घरी स्थळ बघताना, भाडेकरू ठेवताना हेच करतो. समोरच्याने स्वतःविषयी सांगितलेलं ऐकून घेतो आणि चौकशी दुसरीकडे करतो. नेटवर आल्यावर ही शहाणी सवय आपण का सोडतो, हे मला खरंच उमगलेलं नाही.

फोटोच्या बाबतीत चौकशी म्हणजे फोटोच शोधात टाकणं. गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये तो टाकला की आधी कुठे कुठे आला होता ते दिसतं. मार्च २०२० मध्ये व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. डॉल्फिन खरे होते, पण ते सार्डिनिया बेटावरच्या एका बंदरातले होते. व्हेनिसचं पाणी त्या दिवसांत खरोखरच नितळ झालं होतं, कारण होड्यांची वर्दळ थांबल्यामुळे तळाचा गाळ ढवळला जात नव्हता. एक खरी गोष्ट, शेजारी एक खरा व्हिडिओ, आणि दोन्ही जोडून खोटी बातमी. पूर्ण बनावट फोटोपेक्षा जुना खरा फोटो नव्या ओळीखाली घालून फसवणं सोपं असतं, आणि माझ्या पाहण्यात तरी तेच जास्त येतं. एका वेगळ्या जातीची फसगत म्हणजे विनोदाची. २०१२ मध्ये ‘द अनियन’ या विनोदी वृत्तपत्राने उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांना जगातला सर्वांत देखणा पुरुष ठरवलं, तर चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या वेबसाइटने ते खरं मानून सोबत ५५ फोटो लावले. विनोद दुसऱ्या भाषेत गेला की त्याचा सूर वाटेत गळून पडतो.

व्हॉट्सअॅपवर मेसेजवर दोन बाण दिसले की समजा, तो पाच किंवा जास्त हातांतून आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, हे बंधन एप्रिल २०२० पासून आहे. पाठवणारा आपला असतो, मजकूर त्याचा नसतो, आणि आपण मात्र पाठवणाऱ्यावरच्या मायेने मजकुरावर विश्वास ठेवतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांबद्दल आता सगळ्यांनाच धास्ती आहे. बोटं मोजा, कान बघा, अशा युक्त्या सांगितल्या जातात. त्या आज चालतात, उद्या चालणार नाहीत, कारण यंत्रं सुधारत राहतात. २२ मे २०२३ रोजी पेंटागॉन या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचं चित्र पसरलं. मोठ्या वृत्तसंस्थेचं वाटावं अशा नावाच्या, विकत घेतलेली निळी खूण लावलेल्या एका ट्विटर खात्यानेही ते टाकलं. अमेरिकेचा शेअर बाजार काही क्षण खाली आला. चित्रातली इमारत पेंटागॉनसारखी नव्हती हे खरं, पण त्याहून मोठी खूण चित्राच्या बाहेर होती. इतक्या वर्दळीच्या जागी स्फोट झाला असता तर शेकडो लोकांनी शेकडो बाजूंनी फोटो काढले असते. तिथे एकच चित्र होतं, एकाच कोनातून. थोड्याच वेळात तिथल्या अग्निशमन दलाने असं काही घडलेलं नाही असं जाहीर केलं. हीच कसोटी खऱ्या गोष्टीच्याही उपयोगी पडते. पकडलं गेलेलं कोणी उद्या ‘हा व्हिडिओ यंत्राने बनवलाय’ म्हणून हात वर करू लागलं, तर दुसऱ्या बाजूने, दुसऱ्याने घेतलेला व्हिडिओच त्याला उत्तर देईल.

काका आता ग्रुपवर पुन्हा लिहितात. टाकण्याआधी कधी कधी मला वेगळा मेसेज करतात. मागच्या महिन्यात त्यांनी वीज पडूनही जगलेल्या एका माणसाविषयी विचारलं. मी नुसतं एवढंच लिहिलं, ‘काका, तुम्हीच शोधून बघा ना, मीही बघते.’ तासाभराने त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. रॉय सुलिव्हन, व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानाचा वनरक्षक, पहिली वीज १९४२ मध्ये, शेवटची १९७७ मध्ये, गिनेस बुकात नोंद, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. मग जरा थांबून म्हणाले, ‘एक सांग गं. माझ्याकडे आलेल्या मेसेजमध्ये नऊ वेळा वीज पडली असं लिहिलंय. मला सगळीकडे सातच सापडतायत. मी सात करून पाठवू ना?’